मोडली नाही, सुटली : घरातल्या जुन्या वस्तू सावरताना

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. गावभागातल्या आमच्या घराच्या तळमजल्यावर माणूस बुडेल एवढं पाणी होतं. ते उतरल्यावर माजघरात, गुडघाभर चिखलात, आजेसासूबाईंची सागवानी पेटी सापडली. झाकण एकीकडे, मागची फळी दुसरीकडे, तळ उचकटलेला. आत समई, दोन नाव घातलेले तांबे आणि अडकित्ता. खुंटीवरचा कंदील खाली पडून पेटीशेजारीच रुतलेला. गल्लीत ज्याच्या-त्याच्या दारासमोर भिजलेल्या सामानाचे ढीग होते. आमची पेटीही त्या ढिगावर जाणार होती.

ती गेली नाही याचं श्रेय मिरजेच्या एका म्हाताऱ्या सुतारांना. ते आले होते दाराची चौकट बघायला. पेटीच्या फळ्या उलटसुलट करून म्हणाले, "वैनी, ही मोडली न्हाई, सुटलीया. सरसावर जोडली हुती, पाण्यानं सरस विरघळला. खिळं मारलं असतं तर लाकूड फाटलं असतं."

ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं. जुन्या कारागिरांनी घरातल्या वस्तू अशा केल्या की त्या पुन्हा सोडवता याव्यात. सरस, म्हणजे जुना कातड्याचा गोंद, पाण्यात सुटतो, लाखेचं पॉलिश स्पिरिटमध्ये सुटतं, मेण टर्पेंटाईननं निघतं. आपण मात्र त्यांना खिळे, फेविकॉल, पॉलिश पेपर आणि ॲसिड लावतो, आणि ते परत फिरत नाही. तेव्हापासून मी कुठल्याही वस्तूला काही लावण्याआधी एकच विचारते : हे चुकलं तर काढता येईल का? उत्तर नाही असेल, तर हात मागे.

पुढे जे लिहिलंय ते घरच्या वस्तूंवर, थोडंफार बिघडवून, शिकलेलं आहे. पूर आला नसला तरी माळ्यावर तीस-चाळीस वर्षं पडून राहिलेल्या सामानालाही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं.

हात लावण्याआधी

आधी फोटो काढा. सगळ्या बाजूंनी, तुटलेल्या जागांचे जवळून, कड्या-बिजागऱ्यांचे वेगळे. सुटलेल्या प्रत्येक तुकड्याला सुतळीनं चिठ्ठी बांधा : "मागची फळी, वरची बाजू". तुम्हाला आता वाटतं की लक्षात राहील. तीन महिन्यांनी फळी सुकल्यावर कुठली वर, कुठली खाली हे देवालाही सांगता येत नाही.

मग वाटणी करा. लाकडी पेट्या, पाट, चौरंग, पितळेची-तांब्याची भांडी, लोखंडी सामान, कंदील हे घरी जमतं. भिंतीवरचं चावीचं घड्याळ बाहेरून पुसा, पण यंत्राला हात लावू नका आणि चालतंय का बघायला चावी तर देऊच नका. घाण घेऊन फिरलेली चाकं एकमेकांना खातात. तंबोरा, सतार असेल तर थेट मिरज गाठायची. तिथल्या सतारमेकर गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या हेच काम चालतं, मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. तडकलेल्या भोपळ्यावर घरी प्रयोग करू नका. फोटो काचेला चिकटले असतील तर ओढू नका, ओलेच प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये टाका आणि जाणकार मिळेपर्यंत तिथेच राहू द्या. पोथ्या आणि दस्तऐवज यांनाही तेच.

एक कायद्याची गोष्ट. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते. हस्तलिखितांसाठी ती मर्यादा ७५ वर्षं आहे. मूर्ती, चित्रं, सचित्र पोथ्या यांसारख्या काही प्रकारांची नोंदणी पुरातत्त्व खात्याकडे करावी लागते आणि पुरावस्तू देशाबाहेर पाठवता येत नाही. घरात जुनी मूर्ती असेल तर ती घासण्याआधी नोंदणीचं बघा.

चिखल, पाणी, सावली

पुराचा गाळ वाळू द्यायचा नाही. वाळला की तो सिमेंटसारखा नक्षीत बसतो. ओला असतानाच स्वच्छ पाण्याच्या बारीक धारेनं आणि मऊ ब्रशनं काढा. रंगाऱ्याचा जुना दोन इंची ब्रश उत्तम. हातमोजे घाला. पुराच्या पाण्यात गटारही असतं.

मग सुकवणं. माझी पहिली मोठी चूक इथेच झाली. दिवळीचं एक छोटं शिसवी दार होतं. चार दिवसांच्या पावसानंतर लख्ख ऊन पडलं तेव्हा मी ते हौसेनं गच्चीवर ठेवलं. दुपारी कपडे काढायला गेले तर दाराला वरपासून खालपर्यंत चीर. उन्हात वरचा थर झपाट्यानं आकसतो, आतला भाग अजून फुगलेलाच असतो, मग लाकूड मधेच फाटतं. ते दार आजही तसंच आहे. चीर मी बुजवली नाही, राहू दे म्हटलं डोळ्यांसमोर.

तर लाकूड सावलीत सुकवा. विटांवर किंवा लाकडी पट्ट्यांवर आडवं ठेवा म्हणजे खालूनही हवा लागेल. पंखा खोलीत चालू ठेवा पण वस्तूवर रोखून नको. वाकलेली फळी असेल तर तिच्यावर सारखं वजन पसरून ठेवा, पण मधे पट्ट्या घाला. अडकलेले खण ओढू नका. लाकूड आकसलं की ते आपसूक सरकतात.

सुकलं हे कळायचं कसं? हाताला कोरडं लागणं खरं नव्हे. आमच्याकडे हळदीची पोती मोजायचा काटा होता. त्यावर मी झाकण दर रविवारी तोलायची आणि आकडा भिंतीवर खडूनं लिहायची. आकडा उतरत गेला, उतरत गेला, आणि लागोपाठ तीन रविवार एकच आला तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. तुमच्याकडे काटा नसेल तर भंगारवाल्याचा ताणकाटा मागून आणा. तीन आठवडे वजन स्थिर असल्याशिवाय सांधा जोडू नका, पॉलिश लावू नका. एवढा धीर धरणं हेच या कामातलं सगळ्यात अवघड.

या दिवसांत बुरशी येते. पांढरी-हिरवी लव दिसली की तोंडाला मास्क लावून, वस्तू घराबाहेर नेऊन, कोरड्या ब्रशनं झाडा. आतल्या, पॉलिश नसलेल्या लाकडाला स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं तरी चालतं. पण पॉलिशच्या बाजूला स्पिरिट अजिबात नाही. का, ते आता येतंच.

वरचा थर कशाचा आहे?

जुन्या लाकडावर काय लावलंय हे कळल्याशिवाय पुढे जाता येत नाही. चाचणी सोपी आहे. पेटीच्या मागच्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी, कापसाची काडी स्पिरिटमध्ये बुडवून अर्धा मिनिट हलकेच फिरवा. चिकट झालं आणि काडीवर तांबूस रंग आला तर ते लाखेचं पॉलिश. काहीच झालं नाही तर तसंच थिनरनं करून बघा. विरघळलं तर अलीकडचं लॅकर. दोन्हींनी काही झालं नाही तर तेल किंवा पीयू, मेलामाईन यांसारखं हल्लीचं रासायनिक पॉलिश. आपल्याकडच्या जुन्या सागवानी वस्तूंवर बहुधा लाख किंवा नुसतं तेल असतं.

रंग दिलेली वस्तू असेल, म्हणजे हिरवा पाळणा किंवा लाल चौरंग, तर तो रंग कोरडा घासू नका आणि जाळून तर काढूच नका. जुन्या रंगांत शिसं असायचं. घरगुती रंगांमधल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगाची धूळ लहान मुलांच्या घरात नको. मी असा रंग तसाच ठेवते, ओल्या फडक्यानं पुसते आणि वरून मेण लावते.

स्वच्छतेला पाण्यात साध्या द्रवरूप साबणाचे दोन-तीन थेंब. धडप्याचा कोपरा बुडवा, घट्ट पिळा, पुसा, लगेच कोरड्यानं पुसा. हातभर जागा झाली की पुढची. चिवट काळ्या थरावर संग्रहालयातले लोक कापसाच्या बोळ्याला चक्क थुंकी लावून काम करतात. तिच्यातली पाचकद्रव्यं मळ सोडवतात. मी हे ऐकून हसले होते. नंतर झाकणावरच्या एका डागावर करून बघितलं, जमलं. सासूबाईंना सांगितलं नाही.

कास्टिक सोड्याच्या पाण्यानं जुनं पॉलिश धुऊन काढणारे पॉलिशवाले गावोगाव आहेत. काम एका दिवसात होतं हे खरं. पण सोड्यानं लाकूड काळवंडतं, तंतू सुटतात आणि सांध्यातला उरलासुरला सरसही जातो. ओळखीच्या एका घरात शंभरेक वर्षांचा झोपाळा असा धुऊन, वर मशीननं घासून, चकचकीत करून दिला. कड्यांजवळ पिढ्यांच्या हातांनी आलेला गुळगुळीत खळगा होता, तो गेला. आता तो फर्निचरच्या दुकानातून परवा आणल्यासारखा दिसतो.

सांधे : सरसाला सरसच

सरस म्हणजे जनावरांच्या कातड्यापासून केलेला गोंद. दाण्यांच्या किंवा वड्यांच्या रूपात मिळतो. गणपती पेठेत मी तो मागितला तेव्हा काउंटरवरच्या मुलानं "फेविकॉल देऊ का?" असं तीनदा विचारलं, आतून त्याचे आजोबा उठून आले आणि मागच्या डब्यातून काढून दिला.

एक भाग सरस, दीड ते दोन भाग गार पाणी, रात्रभर भिजत. सकाळी तो फुगून जेलीसारखा होतो. भांड्यात पाणी तापवून त्यात सरसाची वाटी ठेवा, म्हणजे थेट आच लागणार नाही. साधारण ६० अंश पुरे. उकळी फुटली तर सरसाची ताकद जाते, आणि वासानं शेजारी विचारायला येतात. ब्रश वर उचलला की पातळ मधासारखी सलग धार पडली पाहिजे.

जुना सरस सगळा खरवडायची गरज नाही. गरम पाण्याच्या फडक्यानं मऊ करून सुटलेला, भुगा झालेला तेवढा बांबूच्या काडीनं काढा. नवा सरस जुन्याला धरतो. फेविकॉलचं असं नाही. जुन्या गोंदाच्या थरावर तो नीट बसत नाही आणि एकदा खाचेत मुरला की पुढच्या दुरुस्तीला सांधा साफच होत नाही.

आता जोडणी. ही आधी एकदा कोरडी करून बघा : सगळे तुकडे गोंदाविना बसवा, दोऱ्या बांधा, काटकोन बघा. पेटीचे कर्ण मोजा, म्हणजे एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंत. दोन्ही मापं सारखी आली तर पेटी चौकोनात आहे. हे जमलं की सोडा आणि खरं काम करा. सरस पटकन गार होऊन घट्ट होतो, हातात एक-दोन मिनिटंच असतात. म्हणून खिडक्या बंद, पंखा बंद, आणि सांध्याची तोंडं आधी केस वाळवायच्या यंत्रानं कोमट करून घ्या. मला मदतीला नवरा लागला. त्यानं फळी उलटी धरली. गरम पाण्यानं पुन्हा सोडवली, पुन्हा जोडली. सरसाची खरी किंमत त्या दिवशी कळली.

क्लॅम्प नसेल तर पेटीभोवती सुंभाची दोरी दोन फेरे गुंडाळा, त्यात लाटणं घालून पीळ द्या आणि लाटणं अडकवून ठेवा. कोपऱ्यांवर पुठ्ठ्याचे तुकडे घाला, नाहीतर दोरी लाकडात रुतते. बाहेर आलेला सरस तिथल्या तिथे कोमट ओल्या फडक्यानं पुसा. एक रात्र हात लावू नका.

देवघर किंवा देव्हारा असेल आणि घरात कातड्याचा सरस चालत नसेल तर हट्ट करू नका. तिथे फेविकॉल पातळसर लावा, किंवा नुसती लाकडी मेख ठोकून सांधा धरा. खिळा मात्र नको. लोखंडी खिळा ओल धरतो, गंजतो, भोवती काळा डाग पडतो आणि लाकूड तिथून कुजतं.

मोठी खपली गेली असेल तर त्याच जातीच्या जुन्या लाकडाचा तुकडा बसवा, रेषांची दिशा जुळवून. जुन्या खिडकीच्या चौकटीचे तुकडे सुतार देतात. बारीक भोकांना आणि चिरांना मेण : मधमाशीच्या मेणात थोडी राळ वितळवा, रंगासाठी चिमूटभर गेरू किंवा काव. कोमट असताना बोटानं भरा आणि जुन्या एटीएम कार्डानं खरवडून सपाट करा. चुकलं तर पुन्हा काढता येतं.

कीड

लाकडात टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसली तर आधी घाबरू नका. भोक म्हणजे किडा बाहेर पडून गेल्याची खूण. किडे अजून आत आहेत का, हे बघायचं. वस्तूखाली काळा कागद घालून दोन आठवडे हलवू नका. कागदावर ताजा, पिठासारखा भुसा पडला तर कीड जिवंत आहे. सागाचा गाभा किडीला सहसा दाद देत नाही. पांढरट बाहेरचं कच्चं लाकूड मात्र ती खाते, आणि स्वस्तातल्या पेट्यांत तळाला तेच वापरलेलं असतं.

कीडनाशक तेल हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. इंजेक्शनच्या सिरिंजनं प्रत्येक भोकात थेंबथेंब सोडा. डोळ्यांना चष्मा हवाच, कारण एका भोकातलं तेल दुसऱ्यातून पिचकारीसारखं उडतं. महिन्यानं पुन्हा एकदा. मग सगळी भोकं मेणानं बुजवा. दिसायला बरं हा भाग आहेच, पण पुढच्या वर्षी नवं भोक पडलं तर ते लगेच ओळखू येतं. वाळवी लागली असेल तर मात्र ती वस्तूत नसते, भिंतीत किंवा जमिनीत असते. तिथला बंदोबस्त आधी.

पॉलिश

सांगलीत जून ते सप्टेंबर या महिन्यांत पॉलिशची बाटलीच उघडायची नाही. दमट हवेत लाख पांढरी पडते. मला नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ मानवतो, तोही सकाळी दहानंतर.

नवं पॉलिश चढवण्याआधी जुनं जिवंत करता येतं का बघा. पुराच्या पाण्यानं झाकणावर दुधाळ धुकं आलं होतं. मलमलच्या बोळ्याला स्पिरिटचे चार-पाच थेंबच लावले, तळहातावर टेकवून बघितलं की ओलं लागत नाही, नुसतं गार लागतं, आणि विमान उतरून लगेच वर उडावं तसा बोळा फिरवला. जुनी लाख वरवर विरघळली, पुन्हा बसली, धुकं गेलं. कुठेही थांबायचं नाही. थांबलात की तिथे खड्डा.

एवढ्यानं भागलं तर इथेच थांबा. नाही भागलं तर २५० मिली स्पिरिटमध्ये ३० ग्रॅम चपडा लाख घाला, काचेच्या बरणीत, लोखंडी डब्यात नको कारण लाख काळी पडते. रात्रभरात विरघळते, अधूनमधून हलवा, मग जुन्या ओढणीतून गाळा. बरणीवर तारीख लिहा. वर्षभरापूर्वीची लाख चिकटच राहते, सुकत नाही.

बोळा करायचा तो आत कापूस, वर जुन्या धोतराचा मऊ तुकडा, सुरकुती न राहता. बोळ्याच्या आत लाख ओता, वरून नाही. रेषांच्या दिशेनं लांब फटके, पुढच्या थरापर्यंत तासभर विश्रांती, असे तीन-चार थर. बोळा अडकायला लागला तर बोटानं गोडेतेलाचा एक थेंब. दुसऱ्या दिवशी अगदी बारीक स्टील वूलनं हलकेच फिरवून वर मेण. काम चालू असताना शेजारी गॅस, उदबत्ती, समई काही नको. स्पिरिटची ज्योत दिवसा दिसतसुद्धा नाही.

मेणाचं मलम घरी होतं. एक भाग मधमाशीचं मेण गरम पाण्यात ठेवलेल्या वाटीत वितळवा. गॅस बंद करा. वाटी अंगणात न्या. मग तीन भाग टर्पेंटाईन हळूहळू ढवळत मिसळा. हा क्रम बदलू नका. टर्पेंटाईनची वाफ शेगडीपर्यंत जाते.

आतून नुसतं तेल लावलेली पेटी असेल तर जवसाचं तेल पातळ थरानं लावून, वीस मिनिटांनी जादाचं सगळं पुसून काढा. ही फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना तापतं आणि चुरगळलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. अंगणात दोरीवर एकेक पसरा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवा.

पितळ, तांबं, आणि चिंचेचा मोह

आपल्या हातांना सवय आहे : पितळ दिसलं की चिंच. मी समई सुटी करून रात्रभर चिंचेच्या पाण्यात बुडवून ठेवली. सकाळी ती सोनेरी नव्हे, गुलाबी झाली होती. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आम्लात बराच वेळ राहिलं की वरचं जस्त निघून जातं आणि तांब्याचा गुलाबी थर उरतो. खूप घासून वरवरचा गेला, पण समईच्या आट्यांत आणि कमळाच्या पाकळ्यांत तो अजून दिसतो.

म्हणून क्रम असा. आधी कोमट पाणी, साबण, मऊ टूथब्रश. समईवर तेलाचा चिकटा असतो, तो तीक्ष्ण कशानंही खरवडू नका. लिटरभर गरम पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा घालून पंधरा मिनिटं ठेवा, मग बांबूच्या काडीनं काढा. आटे जाम असतील तर पकडीनं पिळू नका, सांध्यावर तेल सोडून दोन दिवस थांबा.

इथवर आल्यावर एकदा विचार करा की चमक हवीच आहे का. तपकिरी छटा हे जुन्या पितळेचं वय आहे. साताऱ्याजवळ औंधच्या श्री भवानी संग्रहालयात, औंधच्या पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये उभारलेल्या, एकदा मुद्दाम जा. जुनी वस्तू कशी दिसते याची नजर तिथे तयार होते. पूजेची समई मी चकचकीत ठेवते, तांबे तसेच ठेवले.

चमक हवीच असेल तर पांढऱ्या खडूची वस्त्रगाळ पूड आणि पाणी, मऊ फडक्यानं. रांगोळीनं ओरखडे पडतात. चिंच लावायचीच असेल तर दोन-तीन मिनिटं, लगेच धुऊन, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून काढून, कोरडं. धातूला ऊन चालतं, तेव्हा इथे गच्ची वापरा. शेवटी मेणाच्या मलमाचा पातळ हात.

तांब्यांवर टिंबाटिंबांनी ठोकलेली नावं आहेत. कुणी कुणाला, कुठल्या लग्नात आहेर केला ते, एकावर सालही. वर्षानुवर्षं घासून एक नाव जवळजवळ पुसलं गेलंय. घासण्याआधी त्यावर पातळ कागद ठेवून शिसपेन्सिलीनं ठसा घ्या, आणि मग त्या जागेला साबणाखेरीज काही लावू नका. घराचा इतिहास कित्येकदा एवढाच लिहिलेला असतो.

गडद, घट्ट हिरवा थर तितका धोक्याचा नाही. पण फिकट हिरवी, पिठासारखी पूड येत असेल आणि पुसल्यावर आठवड्यात पुन्हा येत असेल तर तो क्षारांचा रोग आहे आणि तो धातू आतून खातो. अशी वस्तू वेगळी काढा, कोरड्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा आणि संग्रहालयातल्या जाणकाराला दाखवा.

कल्हईचं : भांडं नुसतं ठेवायचं असेल तर करू नका. त्यात शिजवायचं असेल तर केल्याशिवाय वापरू नका, आणि कल्हईवाल्यासमोर बसून शुद्ध कथील आहे याची खात्री करून घ्या.

लोखंड

अडकित्ता, विळी, कडी-कोयंडा. रॉकेल किंवा मशीनचं तेल लावून दोन दिवस, मग बारीक स्टील वूल. सुटा गंज गेला, चिकटलेला पातळ तपकिरी थर उरला की हिरडा. महाबळेश्वर-जावळीच्या रानातला हिरडा आयुर्वेदिक दुकानात सुका मिळतो. मूठभर ठेचून अर्धा लिटर पाण्यात वीस मिनिटं उकळा, गाळा, गार झाल्यावर ब्रशनं लावा. त्यातलं टॅनिन गंजाशी मिळून निळसर काळं होतं. याच गुणावर पूर्वी हिरड्याची शाई करत. दोन-तीन हात, मधे सुकवून, शेवटी मेण. अडकित्त्याच्या धारेला मात्र लावू नका, सुपारी काळी होते.

कंदील

आमचा कंदील प्रभाकर. कराडजवळच्या ओगलेवाडीच्या ओगले काच कारखान्याचा, जो १९१६ मध्ये सुरू झाला. सातारा-सांगलीकडे जुन्या घरांत हा हमखास निघतो. टाकीवर, बर्नरवर नाव उमटवलेलं असेल तर तिथे घासायचं नाही.

काच आधी काढा. तिला एकदम गरम पाणी नको. कोरड्या वर्तमानपत्रानं काजळी, मग थोडं स्पिरिट. टाकीत जुन्या तेलाचा डिंक झालेला असतो. थोडं ताजं रॉकेल घालून खळखळवा, दोन दिवसांनी ओता. मग मूठभर तांदूळ आणि साबणाचं पाणी घालून हलवा, गंजाचे पापुद्रे निघतात. बर्नर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकळा.

टाकी गळत असेल तर डाग द्यावा लागतो, म्हणजे वितळवलेल्या धातूनं भोक बुजवावं लागतं, आणि ते घरी करू नका. डाग देणाऱ्याला स्पष्ट सांगा की यात रॉकेल होतं. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची असते. साबणाच्या गरम पाण्यानं चार-पाच वेळा धुऊन, झाकण उघडं ठेवून आठवडाभर वाळवून द्या, आणि डाग देताना भोकाच्या खालपर्यंत टाकीत पाणी भरलेलं असू द्या. विजेचा दिवा बसवायला टाकीला भोक पाडणारे भेटतील; त्यांना नमस्कार करा आणि बॅटरीवरचा छोटा दिवा काचेच्या आत नुसता ठेवा.

पेटीच्या मागच्या फळीवर अजून पाण्याची रेघ आहे. सहज निघाली असती, ठेवली. पेटीच्या कड्या मात्र नव्या स्क्रूंनी घट्ट करून घेतल्यात, कारण आता ती दोघांनी उचलायची असते. आत जड काही ठेवत नाही, फक्त गोधड्या. जुलैत बातम्यांमध्ये पुलाजवळची पातळी ३५ फूट आली की आधी पेटी माडीवर, मग टीव्ही.